विज्ञानाचा कोपरा : उपग्रह उशिरा येतो का?



अशदोदच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांचा भाचा ओमानमध्ये, मस्कतजवळ माबेला इथे नोकरीला असतो. मुलगा मुंबईचा. हौशी रेडिओचा, म्हणजे ज्याला हॅम म्हणतात त्याचा, भारतातला परवाना त्याच्याकडे आहे. ओमानचा अजून हातात आलेला नाही, म्हणून तूर्त तो फक्त ऐकतो, बोलत नाही. शहाणा मुलगा आहे. परक्या मुलुखात परवान्याशिवाय ट्रान्समीटरचं बटण दाबणाऱ्यांना पुढे काय निस्तरावं लागतं ते सांगायला नको.

तर हा भाचा कामावरून आला की अँटेना घेऊन गच्चीवर जातो आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून येणारं बोलणं ऐकतो. त्याच्या तक्रारी दोन. एक, स्थानक वेळापत्रकाप्रमाणे येत नाही, तीन-चार मिनिटं उशिरा येतं, आणि सांगितल्यापेक्षा आकाशाच्या भलत्याच बाजूने जातं. दोन, आल्यावर इतका गोंगाट असतो की कोण काय बोलतं ते समजत नाही. आत्याबाई विचारतात, “उपग्रहसुद्धा मुंबईच्या लोकलसारखे लेट होतात काय हो?”

नाही होत. उपग्रहाला सिग्नल लागत नाही, मोटरमन रजेवर जात नाही. अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने फिरतं आणि साधारण ९३ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी पुरी करतं. हवेचा विरळ थर तिथेही थोडाफार असतो, त्यामुळे कक्षा हळूहळू खाली येते आणि अधूनमधून इंजिनं चालवून ती वर ढकलावी लागते. म्हणून कक्षेचे आकडे सतत बदलत राहतात. महिनाभरापूर्वीचे आकडे वापरले तर अंदाज चुकतो. पण भाचा आकडे रोज ताजे घेतो असं आत्याबाई लिहितात. मग रोज नेमका तीन-चार मिनिटांचाच उशीर का?

या कोड्यावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या, आणि उत्तर पत्रातल्याच एका वाक्यात सापडलं. लॅपटॉप त्याने मुंबईहून नेलेला आहे आणि “घरी फोन करायला बरं पडतं” म्हणून त्याचं घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवलेलं आहे. त्या लॅपटॉपवरून तो वेळा कागदावर उतरवून घेतो, आणि गच्चीवर जातो ते मनगटावरचं ओमानचं घड्याळ बघून. बहुधा प्रोग्राममध्ये ठिकाणही अजून मुंबईच असणार.

आता गंमत बघा. भारताची वेळ ओमानच्या दीड तास पुढे. दीड तास म्हणजे ९० मिनिटं, आणि स्थानकाची फेरी ९३ मिनिटांची! समजा कागदावर संध्याकाळी सातची वेळ आहे. ती मुंबईची सात. त्या वेळी ओमानात साडेपाच वाजलेले असतात आणि भाचा अजून कामावर असतो. तो ओमानचे सात वाजता गच्चीवर जातो तेव्हा ती फेरी कधीच होऊन गेलेली असते, पण पाठोपाठची पुढची फेरी तीन मिनिटांत हजर होते. दर फेरीला पृथ्वी खालून फिरल्यामुळे मार्ग सुमारे २३ अंश पश्चिमेला सरकतो, आणि माबेला मुंबईच्या पश्चिमेला साडेचौदा अंशांवर आहे. म्हणजे मुंबईसाठी काढलेला मार्ग पुढच्या फेरीला माबेलाच्या थोडा पश्चिमेला जाऊन पडतो. स्थानक येतं खरं, पण जरा उशिरा आणि वेगळ्या बाजूने. मार्ग दक्षिणेकडून वर चढणारा की उत्तरेकडून खाली उतरणारा, यावर मिनिट-दोन मिनिटांचा फरक पडतो, एवढंच.

घड्याळ दोन-तीन तासांनी चुकलेलं असतं तर आकाश रिकामं मिळालं असतं आणि चूक पहिल्याच दिवशी कळली असती. इथे चुकीच्या वेळेला जवळजवळ बरोबर दिसणारी गोष्ट घडते, म्हणून ती महिनोन् महिने टिकते. उपाय सोपा आहे. हॅम मंडळी सगळीकडे एकच जागतिक वेळ पाळतात, पूर्वी जिला ग्रिनिचची वेळ म्हणायचे ती. ओमान तिच्या चार तास पुढे, भारत साडेपाच, आणि आपण इस्रायलवाले हिवाळ्यात दोन, उन्हाळ्यात तीन. एक जुनं घड्याळ या वेळेला लावून रेडिओशेजारी ठेवावं आणि प्रोग्राममध्ये माबेलाचे अक्षांश-रेखांश घालावेत : साधारण २३.६ उत्तर, ५८.२ पूर्व.

स्थानक क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत फार तर दहा मिनिटं मिळतात. त्यातली चार गेली तर उरलं काय! शिवाय लहर एका जागी ठरत नाही. फास्ट लोकल छोट्या स्टेशनातून न थांबता भोंगा वाजवत जाते तेव्हा जवळ येताना तो भोंगा चढा लागतो आणि पुढे गेल्यावर एकदम उतरतो, तसंच हे. ४३७.८०० मेगाहर्ट्झवर बोलणारं स्थानक येताना सुमारे १० किलोहर्ट्झ वर ऐकू येतं आणि जाताना तेवढंच खाली. वेळ चुकली की हा उतारही चुकीच्या जागी शोधला जातो, आणि माणसाला वाटतं रेडिओ बिघडला.

आता दुसरी तक्रार, गोंगाटाची. सप्टेंबर २०२० मध्ये स्थानकावर जो नवा रिपीटर सुरू झाला तो एका वेळी एकाचाच आवाज पुढे पाठवू शकतो. स्थानक माबेलाच्या डोक्यावर असतं तेव्हा त्याची नजर चहूबाजूंना सव्वादोन हजार किलोमीटरपर्यंत पोचते. सगळं आखात, इराण, पाकिस्तान, गुजरात आणि मुंबईसकट कोकण त्यात आलं. एवढ्या मुलखातल्या हौशी लोकांना एकच खिडकी, तीही दहा मिनिटं. दोघे एकदम बोलले तर ज्याचा जोर जास्त तो दुसऱ्याला दाबून टाकतो, आणि दोघे सारखेच असले तर नुसती किरकिर. त्यात काहींची तऱ्हा अशी की अँटेना भली मोठी, वॅट भरपूर, पण ऐकायची सोय यथातथा. उपग्रह आपल्याला ऐकतो, आपण उपग्रहाला ऐकत नाही, म्हणून दुसरा बोलतोय हे कळत नाही आणि हा आपला हाका मारतच राहतो. इंग्रजीत अशा माणसाला मगर म्हणतात : तोंड मोठं, कान बारीक. आमच्या सभांमध्ये बसणाऱ्या वाचकांना या प्राण्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

घरातलाही गोंगाट असतो. स्वस्त एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर हे सगळे रेडिओत खरखर सोडतात. माबेलात कारखाने आणि वर्कशॉपही भरपूर आहेत, वेल्डिंग चालू असलं की बघायला नको. भाच्याने बॅटरीवर चालणारा रेडिओ घेऊन घरातले दिवे एकेक करून मालवून बघावे. खरखर कुठे थांबते त्यावरून चोर सापडतो. याखेरीज १४५.८ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा हौशी उपग्रहांसाठी राखलेला असतानाही परवाना नसलेले स्वस्त वॉकी-टॉकी त्यात घुसतात. त्यांना वर आकाशात कोणी ऐकतंय याची कल्पनाही नसते.

सगळेच उपग्रह एका खिडकीचे नसतात. भारताने ५ मे २००५ रोजी श्रीहरीकोट्याहून पीएसएलव्हीने सोडलेला हॅमसॅट, वजन सुमारे ४२ किलो, हा अनेकांना एका वेळी वेगवेगळ्या लहरींवर बोलू देई. त्यात एक यंत्र भारतीय बनावटीचं आणि दुसरं एका डच हौशी माणसाने बनवलेलं होतं. २०१४ च्या जुलैपर्यंत तो चालला, मग बॅटरीने दगा दिला. अशा उपग्रहावर भांडण वेगळं असतं. त्याची ताकद चाळीतल्या टाकीसारखी सगळ्यांची मिळून असते. एकाने आपला नळ पूर्ण सोडला की वरच्या मजल्यावर बाकीच्यांच्या बादलीत धार बारीक. चाळीत निदान भांडायला जिना तरी होता.

हा वेळेचा आणि व्यत्ययाचा प्रश्न आपल्या लोकांना नवा नाही, म्हणूनच हा विषय या पानावर घेतला. मिश्नाच्या रोश हशाना भागात एक माहिती आहे. नवा चंद्र दिसल्याची साक्ष येरुशलेममध्ये पटली की ती बातमी बाबेलपर्यंत पोचवायला डोंगरांवर मशाली पेटवत. लांब काठ्यांना देवदार, बोरू आणि ताग बांधून जैतून डोंगरावर चढायचं, मशाल पुढे-मागे, वर-खाली हलवायची. किती वेळ? समोरच्या सार्ताबा डोंगरावर दुसरा माणूस तसंच करताना दिसेपर्यंत. तिथून ग्रोफिना, तिथून हौरान, तिथून बेत बाल्तिन. म्हणजे निरोप पोचल्याची पोच मिळेपर्यंत जागा सोडायची नाही. हॅम लोक आज हेच करतात. समोरच्याने आपलं नाव परत उच्चारल्याशिवाय संवाद झाला असं धरत नाहीत.

पुढे काय झालं? कुथी लोकांनी, म्हणजे शोमरोनी पंथाच्या लोकांनी, भलत्या रात्री मशाली पेटवायला सुरुवात केली असं मिश्ना सांगते. मशाली विझवल्या असत्या तर बाबेलवाल्यांना निरोप आला नाही एवढं तरी कळलं असतं. खोट्या वेळेची खरी दिसणारी मशाल जास्त वाईट. ती पद्धत शेवटी बंद झाली आणि पायी दूत पाठवणं सुरू झालं. दूत जिथवर वेळेत पोचत नसत तिथे शंका नको म्हणून सण दोन दिवस पाळू लागले. मुंबई-ठाण्यातली आपली माणसं पेसाहचा पहिला सण दोन दिवस करतात आणि इथे आल्यावर आपण एकच करतो, त्याच्या मुळाशी ही व्यत्ययाची गोष्ट आहे. दिनदर्शिका कधीच गणिताने ठरली, तरी दुसरा दिवस राहिला तो राहिलाच.

आणि मशालींचा तो प्रकार जुना झाला म्हणावं तर २०२४ मध्ये आपण इथे काय पाहिलं? हैफा-तेल अवीवकडे फोन हातात घ्यावा तर नकाशा म्हणे आपण बैरूतच्या विमानतळावर उभे आहोत. युद्धामुळे जीपीएसच्या जागी खोटे संदेश सोडले जात होते. टॅक्सीवाले वैतागले ते सर्वांनी पाहिलं, पण जीपीएस ठिकाणाइतकीच वेळही सांगतं, आणि बारीक लहरी जुळवणारी कितीतरी हौशी यंत्रं त्याच वेळेवर चालतात. आखातातही जहाजांचं जीपीएस बिघडल्याच्या बातम्या २०२५ च्या जूनमध्ये होत्या. भाच्याला सांगावं, ठिकाण हाताने टाइप कर, फोनवर सोडू नकोस.

दहा मिनिटांच्या धावपळीला कंटाळलेल्यांसाठी एक वेगळा उपग्रह आहे. कतारचा एस्हैल-२ हा १५ नोव्हेंबर २०१८ रोजी अमेरिकेतून सोडला आणि १४ फेब्रुवारी २०१९ ला त्यावरचं हौशी लोकांसाठीचं यंत्र खुलं झालं. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, २५.९ अंश पूर्व रेखांशावर तो पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आकाशात एका जागी खिळल्यासारखा राहतो. भूस्थिर उपग्रहावर हौशी लोकांना जागा मिळण्याची ही पहिलीच वेळ. एस्हैल म्हणजे अरबांचा सुहैल तारा, आपला अगस्त्य. आखातात तो पहाटे दिसू लागला की उन्हाळा कलला म्हणतात, आणि आपल्याकडे अगस्त्य उगवला की पावसाचं गढूळ पाणी निवळतं म्हणतात.

आम्ही हिशेब करून पाहिला. माबेलातून हा उपग्रह नैऋत्येला, क्षितिजापासून ४५ अंश वर येतो. हजर पर्वत कितीही उंच असला तरी आड येणार नाही. अशदोदहून तो जवळजवळ दक्षिणेला, ५२ अंशांवर. आणि मुंबईहून पश्चिमेकडे, ३३ अंशांवर. आत्या, भाचा आणि मुंबईतलं घर, तिघेही एकाच खिडकीखाली. घरी पृथ्वीगोल असेल तर मुंबईहून अशदोदला दोरा ताणून बघा, तो जवळजवळ मस्कतवरूनच जातो. मुलगा नोकरीसाठी लांब गेला असं आत्याबाई लिहितात. आमच्या मते तो वाटेतच थांबला आहे.

इथे धावपळ नाही, पण वेळ इथेही आपला कर घेते. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज पाव सेकंद मागून कानात ऐकू येतो आणि जीभ अडखळायला लागते. चांगले चांगले वक्ते तोतरे होतात. तरी तो ऐकावा लागतोच, कारण आपण किती जोरात जातोय ते त्याशिवाय कळत नाही. उत्तर यायला अर्धा सेकंद आणि माणसाचा विचार करायचा वेळ, म्हणून घाईने मध्ये तोंड घातलं की दोघांचंही वाया.

दुसरी अडचण उन्हाची. हा उपग्रह १०,४८९ मेगाहर्ट्झच्या आसपास खाली बोलतो. डिशच्या तोंडाशी जो डबा असतो त्यातला स्फटिक ही लहर खाली उतरवतो. तो दहा लाखांत एक भाग जरी सरकला तरी लहर १० किलोहर्ट्झने हलते, आणि माणसाच्या बोलण्याला लागते जेमतेम तीन किलोहर्ट्झ जागा. माबेलाच्या गच्चीवर मे-जूनमध्ये तापलेला डबा आणि रात्री गार झालेला डबा यांचं गणित एक राहत नाही. बोलणारा हळूहळू बदकासारखा ऐकू येतो, मग नाहीसा होतो आणि शेजारचा संवाद त्याच्या जागी येऊन बसतो. उपग्रहावर खुणेचे कायमचे स्वर असतात, त्यांच्याकडे बघून प्रोग्रामला लहर जुळवत ठेवायला सांगायचं, म्हणजे झालं.

याच खुणेच्या स्वराचा दुसरा उपयोग शिस्तीचा आहे. त्यापेक्षा मोठा आवाज कोणी करायचा नाही असा नियम. जो करील त्याच्या लहरीवर जमिनीवरच्या केंद्रातून सायरनसारखा आवाज सोडला जातो. या व्यवस्थेला जर्मन लोकांनी नाव दिलंय लैला! मजनूशी संबंध नाही, तांत्रिक शब्दांची आद्याक्षरं आहेत. हिब्रूत लायला म्हणजे रात्र, तेव्हा आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावं, ओरडलात की रात्र होते.

आणि वर्षातून दोनदा खरोखरच काळोख होतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागून जातो. डिश थेट सूर्याकडे बघते, सूर्याच्या खरखरीत उपग्रहाचा क्षीण आवाज बुडतो. माबेलातून ही वेळ दुपारी अडीचच्या सुमाराची, काही मिनिटांचीच. आम्ही हिशेब मांडताना तारीख बघून दचकलो : ३ ऑक्टोबर. २०२१ मध्ये त्याच दिवशी शाहीन वादळ ओमानच्या बातिना किनाऱ्यावर, मुसन्नआ आणि सुवैकच्या बाजूला येऊन धडकलं, माबेलाच्याच किनाऱ्यावर थोडं पश्चिमेला. रस्ते वाहून गेले, मस्कतची विमानं थांबवावी लागली. ढगांनी सूर्य दिसत नसला तरी त्याची रेडिओ-खरखर ढगांतून येतेच, आणि मुसळधार पाऊस उपग्रहाचा आवाज आणखी शोषतो. संकटात उपग्रह कामी येईल म्हणणाऱ्यांनी अशा दिवसाचं वेळापत्रक आधी बघितलेलं बरं. आयनांबरावरून परावर्तित होणाऱ्या जुन्या लघुलहरी त्या घटकेला जास्त उपयोगी पडतात. त्यासाठी गच्चीवर फक्त एक लांब तार लागते. ओमानात या छंदाला मान आहे. तिथली रॉयल ओमानी अमॅच्युअर रेडिओ सोसायटी १९७२ पासूनची, आणि दिवंगत सुलतान काबूस स्वतः ए४१एए या नावाने हॅम होते. परवान्यासाठी भाच्याने त्या संस्थेकडे आणि तिथल्या दूरसंचार प्राधिकरणाकडे चौकशी करावी.

एक सोय मात्र तिथे आपोआप झालेली आहे. २०१३ पासून ओमानची साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. शब्बाथला तो रेडिओ बंद ठेवतो असं आत्याबाई अभिमानाने लिहितात. शुक्रवारी दुपारची फेरी मिळाली तर मिळाली, दिवे लावल्यावरच्या फेऱ्या दुसऱ्यांच्या.

आत्याबाईंचा शेवटचा प्रश्न : मला घरी बसून ऐकता येईल का? येईल. अंतराळ स्थानकाचं जमणार नाही, पण एस्हैल-२ चा हौशी पट्टा इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या गुनहिली केंद्रातल्या रिसीव्हरवरून इंटरनेटवर कोणालाही ऐकता येतो. नातवाला कॉम्प्युटर लावायला सांगा. फक्त इंटरनेटवरून येणारा आवाज उपग्रहाच्या पाव सेकंदावर आणखी बराच मागे असतो. तेव्हा भाच्याला परवाना मिळाल्यावर तो बोलत असताना त्याला त्याच वेळी फोन लावून “आता ऐकू आलं, आता ऐकू आलं” असं सांगत बसू नका. तो तेव्हा पुढच्या वाक्यावर गेलेला असेल.